ज्ञान : वरदान की ओझे?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजच्या परिषदेसाठी जो विषय ठेवण्यात आला आहे, तो प्रथमदर्शनी वक्तृत्वस्पर्धेतील विषयासारखा वाटतो. अशा विषयावर मुले दोन पक्ष करून बोलतात, टाळ्या पडतात आणि घंटा झाली की वाद मिटतो. आपणांस मात्र तो तसा मिटविता येणार नाही, कारण ज्ञान देणे हाच आपला व्यवसाय आहे. गावाला धान्य पुरविणाऱ्याने ते पोषक आहे की बाधक याची खात्री करून घ्यावी, तशीच ही खात्री आपणही अधूनमधून करून घेतली पाहिजे.

आपल्या अनेक शाळांच्या भिंतींवर विद्येची थोरवी सांगणारी सुभाषिते रंगविलेली असतात. विद्याधन चोराला चोरता येत नाही, भावाभावांत त्याची वाटणी होत नाही आणि त्याचा भारही वाटत नाही, असा त्यांतील एकाचा आशय आहे. त्याच भिंतीला टेकून बसलेल्या एखाद्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर 'भार वाटत नाही' हे म्हणणे त्याला मुळीच मान्य नसल्याचे दिसून येते. सुभाषितकार अनुभवी होता आणि मूलही प्रामाणिक आहे. तेव्हा दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहेत काय, हे प्रथम तपासले पाहिजे. माझ्या मते शाळेत मुलाच्या वाट्यास तीन प्रकारची ओझी येतात. तिन्हींना आपण ज्ञानाचे ओझे असे एकच नाव देतो आणि त्यामुळे विचारात घोटाळा होतो.

पहिले ओझे पाठीवरचे. याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे, म्हणून मी थोडक्यात सांगतो. सुप्रसिद्ध कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या दप्तराच्या वजनाचा प्रश्न मांडला. त्यानंतर १९९२ मध्ये प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली व तिचा अहवाल १९९३ मध्ये आला. २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे वीस किलो वजनाच्या मुलाच्या पाठीवर दोन किलोंपेक्षा जास्त भार नको. आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून पुस्तकांचे भाग पाडून त्यांत कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला व तो २०२५ मध्ये मागे घेण्यात आला. हे ओझे तराजूत घालून मोजता येते. वेळापत्रक नीट आखले आणि वह्या शाळेतच ठेवण्याची सोय केली की ते हलके होते. त्यासाठी तत्त्वचर्चेची गरज नाही.

दुसरे ओझे न समजण्याचे. यशपाल समितीच्या अहवालाचे महत्त्व यातच आहे की, दप्तराच्या भाराचा विचार करण्यास बसलेल्या समितीने अखेर सांगितले ते वेगळेच. दप्तराच्या भारापेक्षा न समजलेल्या गोष्टींचा भार अधिक घातक आहे, असा तिचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष नवा वाटला तरी आपल्या परंपरेस तो अपरिचित नाही. वेद पाठ करूनही ज्याला त्याचा अर्थ कळत नाही, त्याला यास्काच्या निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. सुश्रुतसंहितेत अशा मनुष्याची तुलना चंदनाचे ओझे वाहणाऱ्या गाढवाशी केली आहे. त्याला भार कळतो, चंदन कळत नाही. आणि समर्थांनी दासबोधात मूर्खांच्या लक्षणांबरोबर पढतमूर्खाचीही लक्षणे स्वतंत्रपणे सांगितली आहेत. एवढ्या जुन्या काळापासून जे जाणत्यांना ठाऊक होते, ते आपल्या तिसरी-चौथीच्या वर्गात आपण रोज पाहतो.

एक उदाहरण घेऊ. सत्तेचाळीस अधिक अडतीस ही बेरीज फळ्यावर मांडली. मूल म्हणते, सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. चार आणि तीन सात, हातचा एक आठ. उत्तर पंच्याऐंशी. उत्तर बरोबर आहे आणि आपण त्यापुढे बरोबरची खूण करतो. आता त्या मुलाला विचारा, 'बाळ, हातचा एक म्हणजे किती?' शाळाभेटींत मी हा प्रश्न नेहमी विचारतो. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, 'एक.' तो एक म्हणजे दहा आहे, सुट्या पंधरा काड्यांतून दहांचा एक गठ्ठा बांधून तो दशकाच्या घरी पाठविला आहे, हे त्या मुलापर्यंत पोहोचलेलेच नसते. ते हातचा वाहून नेते, परंतु काय वाहून नेत आहे हे त्याला माहीत नसते. पुढे वजाबाकीत दशक मोडण्याची वेळ आली, दशांश चिन्ह आले, की हे मूल अडते आणि आपण म्हणतो, याचे गणित कच्चे आहे. वास्तविक त्याच्या डोक्यावर तिसरीपासून एक बंद गाठोडे आहे आणि प्रत्येक इयत्तेत आपण त्यावर आणखी एक ठेवीत गेलो आहोत. ज्वारीच्या काड्या व दोरा एवढ्या साहित्याने ते गाठोडे सुटते. त्याला चार तासिका अधिक लागतात, हे खरे. परंतु पुढील चार वर्षे वाचतात.

संख्यांच्या नावांचेही तसेच आहे. 'त्रेपन्न' हा शब्द ऐकताना तीन आधी येतात व पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी लिहावयाचे. 'एकोणतीस' म्हणताना कानावर तीस पडते आणि लिहावयाचे असतात वीस आणि नऊ. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न'बरोबर 'पन्नास तीन' अशी वाचनाची रीतही देण्यात आली, तेव्हा राज्यभर थट्टेचा विषय झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्यामागील शैक्षणिक भूमिका समजावून सांगितली होती. ती रीत स्वीकारावी की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद असू शकेल. पण वर्गात एखादे मूल त्रेपन्न सांगितल्यावर पस्तीस लिहिते, ते निष्काळजीपणाने नव्हे, हे शिक्षकाला ठाऊक असलेच पाहिजे. ते कानाने ऐकल्याप्रमाणेच लिहीत असते. हे ज्याला कळले तो शिक्षक त्याला रागावणार नाही, अंकांची घरे पुन्हा दाखवील.

याहून मोठे गाठोडे भाषेचे आहे. ज्या मुलाच्या घरी कोरकू, गोंडी, भिली, वारली किंवा गोरमाटी बोलली जाते, त्याच्या दृष्टीने पहिल्या दिवशी शाळेतील प्रमाण मराठी ही नवी भाषाच असते. आपण त्याला 'अ' शिकवीत आहोत असे आपणांस वाटते. ते मात्र एकाच वेळी अक्षर, शब्द, वस्तू आणि एका अनोळखी माणसाचा आवाज अशा चार गोष्टी उचलण्याचा प्रयत्न करीत असते. ते गप्प बसते. आपण हजेरीपटाशेजारी मनात नोंद करतो, मंद. ही नोंद कोणत्याही नमुन्यात भरावी लागत नाही, पण सर्वांत जास्त काळ टिकते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून आणि भयमुक्त वातावरणात शिक्षण द्यावे असे सांगितले आहे. तथापि कायदा वर्गात येऊन बसत नाही. तेथे आपणच असतो.

हे काम करता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांच्यासमवेत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखावयास जातात, असे दिसले तेव्हा त्या बायांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा असे नाव पडले. खडे, शिंपले, बिया, पाने हेच गणिताचे व भाषेचे साहित्य झाले. मुलाजवळ जे ज्ञान आधीच आहे, त्याला नवे ज्ञान जोडले की त्याचा भार वाटत नाही. गुरे राखणाऱ्या मुलाला दिशा, ऋतू, झाडे, जनावरांचे आजार यांची माहिती आपल्यापेक्षा अधिक असते. ती शाळेच्या दाराबाहेर ठेवून ये असे आपण त्याला सांगितले, तर आत येणारे मूल रिकामे होऊन येते आणि मग त्यात सर्व काही आपणांसच भरावे लागते.

आता तिसरे ओझे. हे न समजल्याचे नसून समजल्याचे आहे. खरा प्रश्न येथे सुरू होतो, आणि त्याविषयी आपल्या परिषदांत फारसे बोलले जात नाही.

त्यासाठी इ. स. १८५५ या वर्षाकडे वळू. त्या वर्षी जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. भविष्य सांगणाऱ्या जोशाच्या बोलण्यास भुलून एक गरीब शेतकरी जोडपे कसे नागविले जाते आणि शेवटी ती दोघे शिकण्यासाठी शाळेत जाण्याचे कसे ठरवितात, हे त्यात दाखविले आहे. अज्ञान हेही एक ओझे आहे, आणि त्याचे भाडे दुसऱ्याला मिळते, हा त्यातील बोध. ज्ञान जड आहे असे म्हणणाऱ्याने हे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. ज्याला सातबारा वाचता येत नाही, औषधाच्या पुडीवरची मुदत वाचता येत नाही, उचलीच्या कागदावर किती रक्कम लिहिली आहे हे कळत नाही, तो मोकळा नसतो. त्याच्या डोक्यावर काय आहे ते फक्त त्याला दिसत नाही.

त्याच वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. ती मांग समाजातील, फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी. अवघे तीन वर्षांचे तिचे शिक्षण झालेले. मांग व महार यांच्या दुःखाविषयी तिने लिहिले. वेद वाचण्याचा अधिकार आम्हांस नाही, तर आम्ही धर्मरहित आहोत की काय, असा प्रश्न तिने केला. आपल्या जातीतील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते आणि त्या थंडीवाऱ्यात कशा हाल सोसतात, हे तिने मांडले. आणि निबंधाच्या शेवटी आपल्या लोकांना उद्देशून तिने ज्ञानाला औषध म्हटले.

बंधुभगिनींनो, या मुलीला ज्ञानाने काय दिले? शाळेत येण्यापूर्वी ही दुःखे तिच्या अवतीभोवती होतीच, आणि ती जन्मजात असावीत तशी सर्वजण सोसत होते. वाचू लागल्यावर ती बदलता येण्यासारखी आहेत असे तिला कळले, आणि ती पूर्वीपेक्षा अधिक बोचू लागली असतील यात नवल नाही. अज्ञानात जी एक प्रकारची सुन्न शांतता असते ती तिची गेली. हे ओझे नव्हे असे कोण म्हणेल? आणि तरीही तीच मुलगी ज्ञानाला औषध म्हणते. औषध कडू असते, काही वेळा त्याने आधी दुखणे वाढल्यासारखे वाटते. म्हणून कोणी रोग्यास औषध देण्याचे थांबवीत नाही. त्याच्या उशाशी बसून राहतो.

हे केवळ पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे नाही. आपल्या सातवी-आठवीच्या वर्गात आपण शिकवितो की मुलीच्या विवाहाचे कायदेशीर वय अठरा वर्षे आहे. मुलगी ते ऐकते, उत्तरपत्रिकेत लिहिते, गुण मिळविते. दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला निघावयाचे असतात. मागे तरुण मुलगी एकटी कशी ठेवावी, या काळजीने घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. आई-वडील दुष्ट नसतात. तेही भयाने आणि दारिद्र्याने ग्रासलेले असतात. त्या रात्री त्या घरात हे वय केवळ त्या मुलीलाच माहीत असते. ते ज्ञान तिने कोठे ठेवावे? बोलावे तर घर दुखावते, गप्प राहावे तर जन्म जातो. दुसऱ्या दिवशी ती शाळेत येते आणि तुमच्या टेबलाभोवती उगाच घुटमळते. त्या क्षणी आपण हजेरीची माहिती भरण्यात गुंतलो असू, तर आपण दिलेले ज्ञान तिला ओझे झाले. आपण मान वर करून 'काय ग, काही सांगायचे आहे का?' एवढे विचारले, तर त्याचे बळ होण्याची शक्यता निर्माण झाली. पुढे काय करावे याचे मार्ग आहेत. पालकांशी बोलणे, हंगामी वसतिगृहाची सोय पाहणे, गावपातळीवरील बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्यास कळविणे, १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकाची माहिती देणे, हे सर्व आपल्या हाती आहे. परंतु आरंभ त्या विचारण्यापासून होतो.

येथे पालकांच्या एका तक्रारीचाही विचार केला पाहिजे. 'गुरुजी, शिकून पोर बिघडले. शेतात जात नाही आणि नोकरीही लागत नाही', असे आपणांस पारावर ऐकावे लागते. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. शिकलेल्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटू लागली असेल, तर आपल्या शिकविण्यात कोठेतरी तो पाठ न छापलेला असूनही शिकविला गेला आहे. १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बाळबोध वाचनलेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेती व आरोग्य यांची प्राथमिक माहितीही असावी असे सुचविले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा दिली. या थोरांनी विद्या आणि श्रम यांची फारकत कधी होऊ दिली नाही. ती फारकत झाली की विद्या अंगाला लागत नाही आणि घरालाही परकी होते.

सारांश असा की, पहिली दोन ओझी मुलाच्या अंगावर आपण, म्हणजे शाळेने, टाकलेली असतात. ती उतरविणे हे आपले कर्तव्य आहे. तिसरे ओझे मात्र उतरवावयाचे नाही. ते उतरवावयाचे म्हणजे मुलाला पुन्हा अज्ञानात पाठवावयाचे. तेथे शिक्षकाने खांदा द्यावयाचा असतो, मुलाचा खांदा बळकट होईपर्यंत.

या दृष्टीने पुढील काही गोष्टी आपल्या शाळेत करून पाहाव्यात, अशी माझी सूचना आहे.

१. प्रत्येक आठवड्यात एक तासिका नवीन काहीही न शिकविता केवळ 'हे असे का?' या प्रश्नासाठी ठेवावी. मुलाने बरोबर सोडविलेले एखादे उदाहरण घेऊन त्यातील प्रत्येक पायरीचे कारण त्यास विचारावे. चुकलेल्या उत्तरापेक्षा न समजता बरोबर आलेले उत्तर शोधणे अधिक कठीण असते.

२. वाचन घेताना मुलाला परिच्छेद संपल्यावर पुस्तक मिटावयास सांगून त्यातील मजकूर त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्यावा. बोलीतील शब्द आला म्हणून त्यास अडवू नये. अर्थ पोहोचला किंवा नाही, हे त्यावरून लगेच कळते.

३. वरच्या वर्गांतील मुलांनी महिन्यातून एकदा घरातील एक कागद वाचून त्याचा अर्थ घरच्यांना समजावून द्यावा. विजेचे देयक, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक यांपैकी काहीही चालेल. कागद वर्गात आणू नये. घरच्या गोष्टी घरीच राहाव्यात. मुलाच्या विद्येचा उपयोग आई-वडिलांनी स्वतः पाहिला, की शाळेविषयीची त्यांची भाषा बदलते.

४. मूल गावातील ज्या कामात तरबेज आहे, त्याविषयी त्याने वर्गाला शिकवावे. दोर वळणे असो, जाळे विणणे असो, पेरणीच्या ओळी धरणे असो. त्या तासाला शिक्षकाने विद्यार्थ्यांत बसावे.

५. शाळा सुटल्यावर दहा मिनिटे कोणत्याही कागदाविना वर्गात थांबावे. ज्याला काही सांगावयाचे असते, ते मूल त्याच वेळी येते.

शेवटची सूचना ऐकून काहींच्या चेहऱ्यावर जे स्मित आले, त्याचा अर्थ मला कळतो. आपणांवरही ओझे आहे. भरावयाची माहिती, पाठवावयाची छायाचित्रे, एकाच आकड्याची निरनिराळ्या ठिकाणी नोंद, यांत शिक्षकाचा किती वेळ जातो हे मी जाणतो. शिक्षणहक्काच्या कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामास शिक्षकांना जुंपू नये असे म्हटले आहे, त्याचे स्मरण कार्यालयांनाही असले पाहिजे. मी त्याच व्यवस्थेत काम करतो आणि बैठकांत हे मांडतो. तथापि या संदर्भात एक भेद लक्षात ठेवावा. माहिती ही ज्ञान नव्हे. माहिती वर पाठविली की आपल्याजवळ काही उरत नाही. ज्ञान दिले तरी आपल्याजवळ राहतेच. दिवसभर माहिती भरून माणूस थकतो, आणि एखाद्या मुलाला हातचा एक म्हणजे दहा हे कळले त्या दिवशी, तितकेच काम करूनही, तो हलक्या पावलांनी घरी जातो. हा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाला आहे. सुभाषितकाराने ज्याला भार नाही म्हटले ते हेच असावे.

म्हणून उद्या शाळेत गेल्यावर ज्ञान वरदान आहे की ओझे, असा प्रश्न मुलांना निबंधासाठी घालू नका. वर्गातील जे मूल सर्वांत गप्प असते, त्याच्याजवळ बसा आणि त्याच्या गाठोड्यात काय आहे ते हळूच पाहा. न समजलेले काही असेल तर सोडवून द्या. समजलेले आणि सोसवत नसलेले काही असेल, तर थोडा वेळ त्याच्यासंगे चाला.